लेक डिस्ट्रिक्ट: रोड बाईकसाठी तळ्याकाठचे शांत रस्ते कसे शोधायचे?

भटकी_चाकं
नमस्कार मंडळी. जूनमध्ये इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये काही दिवस मुक्काम आहे, राहायला केझिकमध्ये. घरचे सगळे सोबत आहेत, म्हणून दिवसभर सायकलवर राहता येणार नाही. पहाटे निघायचं आणि घरचे आवरून तयार होईपर्यंत परत यायचं. एखाद्या दिवशी दुपारपर्यंत मोकळीक मिळेल. रोड बाईक नेतेय: पुढे ५०/३४ दातांची चक्रं, मागे ११ ते २८ दातांची (११-२८), टायर २८ मिलिमीटरचे, डिस्क ब्रेक.

शोधायला बसलं की सगळीकडे हार्डनॉट आणि रायनोज या दोन खिंडींचेच फोटो. हीटमॅप (सायकलवाले कुठून जास्त जातात ते दाखवणारा नकाशा) उघडला तर सगळेच रस्ते झगझगीत, त्यातला शांत कुठला आणि ट्रकचा कुठला हे कळत नाही. मला डोंगर हवेत, पाणी हवं, चांगलं डांबर हवं आणि मागून गाड्या ढुसण्या देणार नाहीत असा रस्ता हवा. नुसती यादी नको. रस्ता शोधायचा कसा हे कळलं तर पुढे दुसऱ्या कुठल्या तळ्यांच्या प्रदेशातही उपयोगी पडेल.

नकाशेवाला
चांगला प्रश्न. आधी जमिनीची ठेवण लक्षात घ्या, म्हणजे निम्मं काम होतं. मधोमध उंच डोंगर आहेत. हिमनद्यांनी त्यांच्यातून चारी दिशांना खोरी कोरली, चाकाच्या आऱ्यांसारखी. बहुतेक मोठी तळी या खोऱ्यांत लांबट पसरलेली आहेत. म्हणून रस्तेही दोनच प्रकारचे. खोऱ्याच्या लांबीने जाणारा रस्ता साधारण सपाट असतो, लहानसहान उंचवटे सोडले तर. एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायचं तर खिंड ओलांडावी लागते, आणि खिंड म्हणजे उभा चढ. तुम्ही आखलेली फेरी किती खोरी ओलांडते एवढं मोजलंत तरी दमछाकीचा अंदाज येतो. एकूण उंचीचा आकडा त्यापुढे फारसा काही सांगत नाही.

दुसरी गोष्ट, आणि मला हीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. जवळपास प्रत्येक मोठ्या तळ्याला एक गजबजलेला काठ असतो आणि एक शांत काठ. हमरस्ता एका बाजूने जातो, दुसऱ्या बाजूला अरुंद गावरस्ता उरतो. कॉनिस्टनला पश्चिमेकडून ए५९३ आणि ए५०८४ हे हमरस्ते जातात, पूर्वेला झाडीतली निवांत वाट. डर्वेंटवॉटरला पूर्वेकडे बी५२८९, पश्चिमेला कॅटबेल्स डोंगराच्या पायथ्याचा चिंचोळा रस्ता. अल्सवॉटरला पश्चिमेकडून ए५९२, पूर्वेला पूली ब्रिज ते हाउटाउन. थर्लमिअरला पूर्वेकडून ए५९१, पश्चिमेला जंगलातला रस्ता. नकाशावर तळं दिसलं की हमरस्ता कुठल्या काठाने जातो ते बघायचं आणि समोरच्या काठावर बोट ठेवायचं.

तिसरं, ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा १:५०,००० चा नकाशा वाचायला शिका. त्यावर गावरस्ते पिवळ्या रंगात असतात. पिवळ्या रेषेवर एक बाण दिसला तर तिथे १४ ते २० टक्के चढ. दोन बाण जोडीने दिसले तर २० टक्क्यांहून जास्त. बाणाचं टोक उताराच्या दिशेला असतं, हे नीट ध्यानात ठेवा, कारण उलटं वाचणारे खूप आहेत. ॲपमधला 'सरासरी चढ ६ टक्के' हा आकडा या भागात काही कामाचा नाही. मधे सपाटी, मग दोनशे मीटरची भिंत, पुन्हा सपाटी, असे रस्ते आहेत. सरासरीत ती भिंत दिसत नाही, नकाशावरच्या बाणांत दिसते.

घाटवेडा
नकाशेवाला यांचं सगळं मान्य. तरी माझं म्हणणं असं की लेक डिस्ट्रिक्टला जाऊन खिंडी टाळायच्या म्हणजे अर्धाच प्रदेश बघायचा. तळं काठावरून सुंदर दिसतंच, पण खिंडीतून उतरताना ते समोर उलगडतं तेव्हा त्याचा आकार कळतो.

केझिकमध्ये राहणार आहात तर दारातच एक अप्रतिम फेरी आहे. केझिक, ब्रेथवेट, व्हिनलॅटर (३१८ मी.), खाली लॉर्टन, मग दक्षिणेला वळून क्रमॉक वॉटरच्या काठाने बटरमिअर, पुढे हॉनिस्टर (३५६ मी.), आणि बॉरोडेलमधून परत. अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास. व्हिनलॅटरचा चढ जंगलातून जातो, सुरुवात टोचते, पुढे लय सापडते. क्रमॉकच्या काठाला तर रस्ता एका ठिकाणी कडा आणि पाणी यांच्यामधून जेमतेम वाट काढतो. पहाटे पाणी स्थिर असतं तेव्हा अख्खा डोंगर त्यात उलटा दिसतो. मला विचाराल तर सबंध प्रदेशातला हा सर्वात देखणा तुकडा.

कर्कस्टन (४५४ मी.) ही इथली मोटाररस्त्याची सर्वात उंच खिंड. ॲम्बलसाइडहून तिकडे थेट चढणाऱ्या रस्त्याला 'द स्ट्रगल' म्हणतात, आणि तो नावाला जागतो. ट्राउटबेककडून ए५९२ ने गेलात तर तीच खिंड लांब, सोसवेल चढाने मिळते.

संथगती
घाटवेडा, फेरी सुंदरच आहे, पण ११-२८ वर हॉनिस्टर सुचवताना गिअरबद्दल एक शब्द हवा होता.

आपल्याकडचे घाट चढलेल्यांची इथे हमखास फसगत होते. गाड्या आणि ट्रक चढावेत म्हणून आखलेले आपले घाट लांब असतात पण सहसा सौम्य. इथल्या खिंडींचे रस्ते जुन्या वाटांवरच डांबर टाकून झाले, वळणं घालून चढ कमी करण्याच्या भानगडीत कोणी पडलं नाही. अंतर थोडं, चढ दुप्पट-तिप्पट. हॉनिस्टरला दोन्ही बाजूंना २५ टक्क्यांचे तुकडे आहेत.

हिशेब मांडून बघा. पुढे ३४ दातांचं चक्र आणि मागे २८ चं, पायडल मिनिटाला ६० फेरे (यालाच कॅडन्स म्हणतात), तर वेग ताशी सुमारे ९.३ किलोमीटर. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो धरले तर २० टक्के चढावर त्या वेगाने जायला फक्त गुरुत्वाकर्षणाविरुद्धच ४२० वॅटच्या आसपास लागतात. मागे ३४ दातांचं चक्र असेल तर तोच कॅडन्स ताशी ७.७ किलोमीटरला मिळतो, आणि काम ३५० वॅटवर येतं. तेही कमी नाहीच, पण मिनिटभर रेटता येतं. २८ वर तुमचा कॅडन्स चाळीशीत उतरेल आणि सगळा भार गुडघ्यांवर येईल.

निघण्याआधी ११-३४ ची कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) बसवून घ्या. एक मात्र तपासा: मागचा डीरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारी यंत्रणा) आखूड केजचा, म्हणजे चेन ताणून धरणारा दांडा आखूड असेल, तर ३४ दातांचं चक्र त्याला पेलणार नाही, मध्यम केजचा लागेल. चेनची लांबीही पुन्हा मोजावी लागेल. हे काम घरी, ओळखीच्या मेकॅनिककडे करा आणि एखाद्या चढावर चालवून बघा.

घाटवेडा
कॅसेटचं शंभर टक्के बरोबर. आणि चढवेना तर उतरून चालायला काहीच हरकत नाही. तिथे तगडे सायकलवालेही हार्डनॉटवर सायकल ढकलत नेताना दिसतात.

पाणवठा
हार्डनॉटचा विषय निघालाच आहे म्हणून. तिथला चढ काही ठिकाणी तीनास एक, म्हणजे ३३ टक्क्यांच्या घरात. खिंडीची उंची ३९३ मीटर, रायनोजचीही तेवढीच. दोन्ही एकापाठोपाठ येतात. फ्रेड व्हिटन चॅलेंज ही ११२ मैलांची प्रसिद्ध सायकल राईड त्या दोन खिंडी शेवटच्या टप्प्यात ठेवते, म्हणूनच तिचा एवढा दरारा. पहाटेच्या फेरीत, घरचे वाट बघत असताना, एकटीने तिथे जाण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. चढापेक्षा उतार जास्त अवघड आहे. ओला रस्ता, आखूड वळणं, समोरून येणारी गाडी, आणि सगळं वजन पुढच्या चाकावर.

फ्रेड व्हिटनच्या मार्गाची जीपीएक्स फाईल (जीपीएसवर उघडणारा तयार मार्ग) सगळीकडे मिळते आणि पुष्कळ जण तिचे तुकडे करून आपली फेरी आखतात. तसं करू नका. तो मार्ग सगळ्या मोठ्या खिंडी एका दिवसात गुंफण्यासाठी आखलेला आहे, त्यात हमरस्त्यांचे लांब पट्टे आहेत.

भटकी_चाकं
सगळ्यांचे मनापासून आभार. कॅसेट बदलतेय, हे ठरलं. हार्डनॉट या वेळी नाही.

दोन शंका. एक, हीटमॅप अजिबातच बघू नये का? दोन, तळ्याभोवती फेरी मारायची तर कुठल्या दिशेने?

नकाशेवाला
दुसऱ्याचं उत्तर आधी, कारण ते सोपं आणि फार उपयोगाचं आहे. तिथे वाहतूक डावीकडून, आपल्यासारखीच. म्हणून तळ्याला घड्याळाच्या उलट दिशेने वळसा घाला. मग पाणी कायम तुमच्या डाव्या हाताला, तुमच्याच बाजूला राहतं. मधे समोरून येणाऱ्या गाड्यांची रांग नसते, आणि फोटोसाठी थांबायचं तर रस्ता ओलांडावा लागत नाही. घाटवेडा यांनी दिलेली व्हिनलॅटर-हॉनिस्टर फेरीही घड्याळाच्या उलटच आहे, क्रमॉक आणि बटरमिअर दोन्ही... थांबा, तिथे दक्षिणेकडे जाताना तळी उजव्या हाताला येतात, कारण ती फेरी तळ्यांना आत घेत नाही. नियम फक्त तळ्याला वळसा असेल तेव्हाचा.

केझिकहून पहिल्या सकाळी डर्वेंटवॉटरचा वळसा घ्या. पोर्टिन्स्केल, कॅटबेल्सच्या पायथ्याने डोंगराच्या अंगावरून जाणारा रस्ता, खाली ग्रेंज गावाचा दोन कमानींचा दगडी पूल, मग बी५२८९ ने परत. सोळा-सतरा किलोमीटर. पश्चिमेचा रस्ता पाण्यापासून बराच उंचावर आहे, म्हणून अख्खं तळं बेटांसकट खाली दिसतं. फक्त लवकर जा. कॅटबेल्स चढायला येणाऱ्यांच्या गाड्या नंतर त्या चिंचोळ्या रस्त्याकडेला दाटीवाटीने लागतात.

कॉनिस्टनला गाडीने गेलात तर तिथेही तसंच. आधी गावातून टॉर्व्हरमार्गे दक्षिणेला, लोविक ब्रिजला वळसा, आणि पूर्वकाठाने उत्तरेकडे परत. हमरस्त्याचा भाग पहाटे उरकतो आणि पाय गरम झाल्यावर शांत काठ मिळतो. पंचवीस किलोमीटर धरा. पूर्वेचा रस्ता सपाट दिसतो पण सतत खालीवर होतो. त्याच काठावर इंग्रज लेखक जॉन रस्किनचं ब्रँटवुड हे घर आहे, पलीकडे कॉनिस्टनचा 'ओल्ड मॅन' डोंगर.

हीटमॅपबद्दल: तो 'किती जण गेले' एवढंच सांगतो, 'का गेले' ते नाही. ए५९१ झगझगीत दिसतो कारण तिथून जाण्याला दुसरा पर्याय कमी आहे. मी तो उलटा वापरतो. आधी नकाशावर शांत काठ शोधायचा, मग त्या पिवळ्या रस्त्यावर हीटमॅपची बारीकशी रेघ आहे का बघायची. असेल तर रोड बाईक जाते, डांबर ठीक आहे. रेघच नसेल तर स्ट्रीट व्ह्यूवर पाहून घ्यायचं. cycle.travel ही साईट मार्ग आखतानाच कमी वाहतुकीचे रस्ते पसंत करते, तिने दिलेला मार्ग ताडून बघायला उत्तम.

उत्तरवारा
कोणी अजून उत्तरेचं नाव काढलं नाही याचं नवल वाटतंय. स्किडॉ (९३१ मी.) या डोंगराच्या मागची बाजू बघा. केझिक, थ्रेलकेल्ड, मंग्रिसडेल, हेस्केट न्यूमार्केट, कॉल्डबेक, उल्डेल, बॅसेनथ्वेट गाव आणि परत. पन्नासच्या वर किलोमीटर होतात, म्हणजे दुपारपर्यंत मोकळीक असेल तो दिवस यासाठी ठेवा. तळी इथे जवळजवळ नाहीत, पण डोंगर डाव्या हाताला आणि उजवीकडे मोकळा, उतरत जाणारा माळ. मधल्या बऱ्याच पट्ट्यात रस्त्याला कुंपण नाही, मेंढ्या रस्त्यावर बसलेल्या असतात. पर्यटक दक्षिणेला विंडरमिअरकडे जातात, इकडे फिरकत नाहीत.

आणखी एक फायदा पावसाचा. बॉरोडेलच्या टोकाला सीथ्वेट नावाची वस्ती आहे, तिथे वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. इंग्लंडमधल्या सर्वाधिक पावसाच्या जागांत ती गणली जाते. तिथून थोड्याच अंतरावर केझिक, तिथे जवळजवळ निम्मा. ढग पश्चिमेकडून येतात आणि मधल्या डोंगरांवर रिकामे होतात. म्हणून सकाळी बॉरोडेल काळवंडलेलं दिसलं तर बेत रद्द करू नका, ईशान्येला वळा. कॉल्डबेक किंवा पेनरिथच्या बाजूला रस्ता कोरडा मिळण्याची शक्यता चांगली असते.

पाणवठा
उत्तरवारा, +१. केझिकहून थ्रेलकेल्डला जाताना ए६६ वर जाऊ नका. जुन्या रेल्वेमार्गावर केलेली पायी-सायकलवाट आहे, नदीवरचे पूल ओलांडत जाते. डिसेंबर २०१५ च्या डेस्मंड वादळात तिचे पूल वाहून गेले होते, २०२० च्या अखेरीस ती नव्याने खुली झाली. रोड बाईकला मस्त. घरच्या मंडळींनाही याच वाटेवर सायकली भाड्याने घेऊन आणता येईल, चढ अगदी हलका आहे.

राष्ट्रीय सायकल जाळ्याचे मार्ग निळ्या पाट्यांवर दाखवलेले असतात, क्रमांक लाल चौकटीत. पण पाटी आहे म्हणजे डांबर आहे असं समजू नका. सी-टू-सी हा समुद्र ते समुद्र मार्ग केझिकवरूनच जातो, त्याचे काही तुकडे खडीचे आहेत.

चाकोरी
एक कायद्याची गोष्ट, कारण ॲप इथे चुकवतं. इंग्लंडमध्ये 'फुटपाथ' म्हणून नोंदलेल्या शेतातल्या, डोंगरातल्या पायवाटांवर सायकलला हक्क नाही. 'ब्रायडलवे' म्हणजे घोडेस्वारांनाही खुल्या वाटांवर आहे, पण इथले ब्रायडलवे म्हणजे दगडधोंडे, रोड बाईकचं काम नाही. पायी मार्ग दाखवणाऱ्या ॲपने तळ्याकाठून 'जवळचा रस्ता' सुचवला तर तो हमखास यांपैकी एक असतो.

कॅटल ग्रिडबद्दलही सांगते. रस्त्यात आडव्या लोखंडी दांड्यांची जाळी असते, मेंढ्या ओलांडू नयेत म्हणून. हँडल सरळ, चाक काटकोनात, ब्रेकवर बोट नाही, सीटवरून किंचित उठून ओलांडायचं. ओली असेल तर त्यावर वळलात की चाक निसटलंच समजा. उतारावर अचानक समोर येते, म्हणून आधी पाटी दिसली की वेग तिथेच कमी करा.

एकाच गाडीपुरत्या रुंद रस्त्यावर जागोजागी 'पासिंग प्लेस' असते. मागे गाडी साचली तर डावीकडच्या जागेत शिरून तिला पुढे जाऊ द्या, गाडीवाले हात हलवतात, मजेत जातात. जागा उजवीकडे असेल तर तिच्या समोर डाव्या कडेला थांबायचं.

संथगती
दऱ्यांमध्ये मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही. नकाशे आधीच उतरवून घ्या आणि घरच्यांना मार्ग व परतीची वेळ लिहून द्या. जूनमध्ये पाचच्या आधी उजाडतं आणि रात्री साडेनऊनंतरही उजेड असतो. पहाट जमली नाही तर संध्याकाळी, दिवसभराचे पर्यटक परतल्यावर निघा. तेव्हा हमरस्तेही बरेच निवलेले असतात.

भटकी_चाकं
केवढी माहिती! पहिल्या सकाळी डर्वेंटवॉटर, पाय ठीक असतील तर एक दिवस व्हिनलॅटर-बटरमिअर-हॉनिस्टर, आणि मोकळ्या दिवशी स्किडॉची मागची बाजू. पाऊस असेल तर हॉनिस्टर ऐवजी व्हिनलॅटरनेच परत फिरेन.

एक दिवस सगळ्यांसोबत अल्सवॉटरला जायचंय. तिथे मी सायकलवर आणि बाकीचे वेगळे, पण मधे कुठेतरी भेट होईल असं काही जमेल का? आणि वॉस्टवॉटर नकाशावर केझिकपासून अगदी जवळ दिसतंय, ते एका सकाळीत होईल?

नकाशेवाला
अल्सवॉटरला हे सुरेख जमतं. सगळ्यांनी पूली ब्रिजला जा. घरच्यांना स्टीमरमध्ये बसवा, ती हाउटाउनला थांबते. तुम्ही पूर्वकाठाच्या रस्त्याने हाउटाउन गाठा, सहा-सात किलोमीटरच आहे. भेटीनंतर ते पुढे ग्लेनरिडिंगपर्यंत बोटीने जाऊ शकतात. तुम्ही दम असेल तर हाउटाउनच्या पुढची नागमोडी चढण चढून मार्टिनडेलमध्ये डोकवा. वरून मागे वळून पाहिलंत की तळं आणि बोट दोन्ही दिसतात. पुढे रस्ता संपतो, त्याच वाटेने परत. रस्ता संपतो हीच त्या खोऱ्याची खासियत, कारण आरपार जाणारी गाडी तिथे येतच नाही. अशी बंद टोकाची खोरी नकाशावर शोधत जा: हॉज़वॉटर, वॉसडेल, मार्टिनडेल. वळसा पूर्ण झालाच पाहिजे हा हट्ट सोडला की शांत रस्ते दुप्पट होतात.

थर्लमिअरचा पश्चिमकाठ करायचा झाला तर निघण्याआधी तो खुला आहे का, हे स्थानिक कौन्सिलच्या रस्त्यांच्या माहितीत बघून घ्या. तिथे दरड आणि झाडं कोसळण्याच्या धोक्याने रस्ता दीर्घकाळ बंद राहिलेला आहे.

उत्तरवारा
वॉस्टवॉटरचं मी सांगतो. नकाशावर जवळ दिसतं, पण मधे स्काफेल पाइक (९७८ मी.) आणि त्याचे शेजारी उभे आहेत, आरपार रस्ता नाही. केझिकहून पश्चिमेला समुद्राच्या बाजूने गाडीने मोठा वळसा घ्यावा लागतो, तासाहून जास्त वेळ जातो. म्हणून ते अर्ध्या दिवसाचं काम धरा.

गॉसफर्थला गाडी लावून सायकल काढा. नेदर वॉसडेलमार्गे तळ्याचा काठ धरला की पाण्यापलीकडे मुरमाड दगडांचे उतार सरळ तळ्यात घुसलेले दिसतात. इंग्लंडमधलं हे सर्वात खोल तळं, ७९ मीटर. रस्ता वॉसडेल हेडला संपतो, खिंड नाही, मोठा चढ नाही. रेल्वेने यायचं असेल तर किनाऱ्यावरच्या रेवनग्लासहूनही तिकडे जाता येतं. बहुतेक दिवस वारा समुद्राकडून खोऱ्यात शिरतो, त्यामुळे आत जाताना सायकल आपोआप पळते. तेव्हा जोर लावू नका, पाय परतीसाठी राखून ठेवा.